गाळाचा हिशेब मागा : प्रदूषण नियंत्रण मंडळाला डोंबिवलीतून एक खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई
आणि मंडळाच्या कल्याण प्रादेशिक कार्यालयातील सर्व अधिकारी

सादर नमस्कार.

डोंबिवलीतल्या रासायनिक कारखान्यांवर देखरेख करताना तुम्ही पाण्याचे नमुने घेता, चिमणीचे नमुने घेता, संमतीपत्रातल्या, म्हणजे कारखाना चालवायच्या तुमच्या परवानगीतल्या, अटी तपासता. या सगळ्यात एक गोष्ट मागे राहते, आणि शहराच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे गाळ, सांडपाणी शुद्ध करताना मागे उरणारा घातक कचरा. कारखान्यात किती कच्चा माल आला, त्यातून किती घातक कचरा निघायला हवा होता आणि प्रत्यक्षात किती कचरा तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रावर पोहोचला, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून मंडळाने दरवर्षी जाहीर करावेत, अशी माझी मागणी आहे. हे पत्र त्यासाठीच आहे.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. नोकरीची बहुतेक वर्षं कारखान्यांच्या प्रयोगशाळेत आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर गेली. आता निवृत्त आहे आणि एमआयडीसीच्या निवासी विभागात राहते. कारखाने नकोत असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. या शहरातल्या हजारो घरांत चूल पेटली ती याच कारखान्यांमुळे, त्यात माझंही घर आलं. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते कारखान्याच्या आत उभं राहून पाहिलेलं आहे.

आधी रसायनशास्त्रातला एक साधा हिशेब मांडते. आम्लयुक्त सांडपाणी चुन्याने उदासीन करतात. ९८ किलो गंधकाम्ल चुन्याने पूर्ण उदासीन केलं की १७२ किलो जिप्सम तयार होतं. हा अणुभारांचा हिशेब आहे, तो मालक बदलला म्हणून बदलत नाही. गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून, फिल्टर प्रेसमधून, निघणाऱ्या गाळात भरपूर पाणीही असतं, म्हणजे काट्यावर वजन त्याहून जास्त भरणार. आता एखाद्या कारखान्याने वर्षभर टनावारी आम्ल विकत घेतलं, वापरलेलं आम्ल दुसऱ्या कुणाला अधिकृतपणे दिल्याची नोंद नाही, आणि वार्षिक विवरणपत्रात गाळ दाखवला आहे जेमतेम एखाद-दोन टन. मग उरलेलं आम्ल गेलं कुठे? मालात मुरलेलं आम्ल वजा केलं तर बहुधा शक्यता दोनच. एक तर ते उदासीन न करताच गटारात सोडलं, नाही तर गाळ झाला पण तो रात्री कुठेतरी ओतला. हे शोधायला छापा घालावा लागत नाही. खरेदीची बिलं आणि विवरणपत्र एका टेबलावर ठेवावं लागतं.

हीच गोष्ट विजेची आणि पाण्याची. जैविक प्रक्रियेच्या टाकीत हवा सोडणारे ब्लोअर चोवीस तास चालले तर त्यांचं वीजबिल लपत नाही. प्रक्रिया केंद्राला स्वतंत्र वीज मीटर असेल तर त्या मीटरचा महिन्याचा आकडाच सांगतो की ब्लोअर खरंच चालला की तुमची गाडी फाटकाशी आल्यावर सुरू झाला. एमआयडीसीचं पाण्याचं बिल सांगतं की कारखान्यात किती पाणी आलं. उत्पादनात किती मुरलं, वाफ किती झाली हे वजा करा, उरलेलं सांडपाणी म्हणून दिसलंच पाहिजे. पाणी, वीज आणि गाळ हे तीन आकडे एकमेकांशी जुळले तर केंद्र चालतंय. वीज जळतेय, पाणी वाहतंय आणि गाळ महिनोन्महिने शून्य, असं असेल तर तिथे शुद्धीकरण होत नाही, एवढं मी प्रयोगशाळेतल्या माझ्या सगळ्या अनुभवाच्या जोरावर सांगू शकते.

पाण्याचा नमुना एकट्याने का पुरत नाही, तेही सांगायला हवं. अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला सीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनची, मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. १००० मिलिग्रॅमच्या एक लिटर सांडपाण्यात तीन लिटर नळाचं पाणी मिसळा, झाले २५०. अहवाल स्वच्छ, आणि घाण मात्र पूर्वीइतकीच, एक ग्रॅमही कमी नाही. फाटकावर पास बनेपर्यंत, साहेबांना चहा विचारेपर्यंत मागे पाण्याचा पाइप सोडला जातो, हे कामगारांना माहीत असतं. तुमच्या क्षेत्र अधिकाऱ्यांनाही ते माहीत नाही असं मी मानत नाही. म्हणून लिटरमागे किती मिलिग्रॅम एवढंच न विचारता दिवसाला किती किलो, हे विचारा. पाण्याने पातळ करून किलो कमी करता येत नाहीत. सांडपाणी सतत मोजून आकडे मंडळाला पाठवणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेचंही तसंच आहे. सेन्सर कशात बुडवला आहे यावर त्याचा आकडा ठरतो. मंडळाच्या पडद्यावर दिवसरात्र हलणारी रेघ एकदम सरळ, गुळगुळीत दिसायला लागली तर आनंद मानू नका, माणूस पाठवा. खऱ्या सांडपाण्याचा आलेख कधीच इतका शांत नसतो.

आता कचरा अधिकृत मार्गाने जातो तेव्हा काय होतं ते पाहू, कारण कायद्याने ही वाट फार नीट आखली आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्याने कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ आवारात साठवायचा नाही. बाहेर काढताना मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या नोंदपत्राच्या, सात रंगांच्या सात प्रती करायच्या. पांढरी मंडळाकडे, पिवळी पाठवणाऱ्याकडे, गुलाबी विल्हेवाट केंद्राकडे, केशरी वाहतूकदाराकडे. हिरवी प्रत केंद्राने मंडळाला पाठवायची, निळी परत कारखान्याला, आणि कचरा दुसऱ्या राज्यातून आला असेल तर करडी प्रत त्या राज्याच्या मंडळाला. पांढरी आणि हिरवी या दोन प्रती जोडीने लावल्या की निघालेला प्रत्येक ड्रम पोहोचला की नाही ते कळतं. नियम करणाऱ्यांनी हिशेब जुळवण्याची सोय करूनच ठेवली आहे. पण ज्या ड्रमचा मॅनिफेस्ट मुळात बनलाच नाही, तो या सात रंगांत कुठेच येत नाही. आपला सगळा धोका त्या ड्रममध्ये आहे. तो शोधायचा तर सुरुवात कच्च्या मालापासूनच करावी लागते.

असा ड्रम कुठे जातो हे उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या माणसांना विचारायला नको. अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघालेली वालधुनी जवळपास हजार वर्षांपूर्वीच्या शिलाहारकालीन शिवमंदिराशेजारून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस रात्रीच्या अंधारात या पात्रात टँकर रिकामा झाला. उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना मळमळ, श्वास कोंडणं, डोळ्यांची आग असा त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. नाल्याच्या तळाशी साचलेल्या गाळात सल्फाइड असतं. त्यावर आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत १०० भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं धोका टळला. खरा धोका तेव्हा सुरू होतो.

आमच्या शहराची बातमी होते ती रंगाची. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, बातमी झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा तर राज्यभर फोटो फिरले, धावपळ झाली, नोटिसा निघाल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याला निळी कुत्री दिसली, ती बातमी परदेशापर्यंत गेली. रंग दिसला की यंत्रणा हलते. पण विद्रावक (सॉल्व्हंट) उकळून परत मिळवताना तळाशी उरणारा अवशेष, क्लोरीनयुक्त अवशेष, पातळ केलेलं आम्ल, हे बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत नाही. गुलाबी रस्ता एका पावसात धुऊन जातो. नाल्यात मुरलेला विद्रावक विहिरीपर्यंत पोहोचायला वर्षं घेतो आणि निघायलाही वर्षं घेतो. हवेचंही तेच. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच अडकते. त्या वेळी सोडलेला वायू वर जात नाही, घरांत शिरतो. निवासी विभागातल्या तक्रारी थंडीत आणि मध्यरात्रीनंतर का वाढतात, त्याचं कारण हे आहे. तक्रारीवर तुमचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला येतो, तोवर ऊन पडलेलं असतं आणि हवा मोकळी झालेली असते. अहवालात लिहिलं जातं, ‘पाहणीच्या वेळी वास आढळला नाही’. ते खरंच असतं, पण त्याचा उपयोग शून्य.

२६ मे २०१६ चा प्रोबेस या कारखान्यातला स्फोट आणि २३ मे २०२४ चा अमुदान या कारखान्यातला स्फोट, दोन्ही या शहराच्या अंगावर आहेत. दोन्हींत मिळून वीसहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या वेळी काही मृतदेहांची ओळख डीएनए चाचणीवरून पटवावी लागली. तुम्ही म्हणाल की रिॲक्टरची आणि कामगारांची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. बरोबर. पण आवारात किती ज्वलनशील अवशेष, किती वापरलेला विद्रावक, किती ड्रम किती दिवस पडून आहेत हे पाहणं तुमचं काम आहे. ९० दिवसांची अट पर्यावरणासाठी आहे तशीच शेजारच्या वस्तीसाठीही आहे. आग लागते तेव्हा तिला पाठीमागच्या शेडमधले, कुठल्याच नोंदवहीत नसलेले ड्रम मिळाले, तर अग्निशमन दलाच्या जवानाला आपण कशावर पाणी मारतो आहोत हेसुद्धा कळत नाही. गाळाचा आणि अवशेषांचा हिशेब लागला तर त्या शेडमध्ये काय आहे ते आधीच समजेल.

या प्रत्येक घटनेनंतर आम्ही घोषणा ऐकल्या. १५६ कारखाने रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात हलवण्याची घोषणा २०२४ च्या स्फोटाआधीच झाली होती. त्या घोषणेला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण भावनिक नाही. पाताळगंगेच्या काठीही गावं आहेत, ती नदीही आधीच औद्योगिक पट्ट्याचा भार सोसते आहे. जो कारखाना इथे गाळ लपवतो, तो तिथे गाळ दाखवायला लागेल असं कशावरून? अतिधोकादायक प्रक्रिया दाट वस्तीपासून दूर जायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण स्थलांतराच्या आशेवर आजची देखरेख सैल सोडू नका. कारखाना जाईपर्यंत आम्ही इथेच राहणार आहोत.

कचरा लपवावासा का वाटतो, यावर थोडं मोकळेपणाने बोलू. तो लपवणं स्वस्त पडतं. भूभरणात जाणाऱ्या, म्हणजे जमिनीत सुरक्षितपणे पुरायच्या, गाळापेक्षा जाळायच्या कचऱ्याचा खर्च कितीतरी जास्त असतो. जाळायचा कचरा म्हणजे भट्टीच्या दुसऱ्या कक्षात १,१०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान राखायचं, धूर धुवायचा, राख पुन्हा सुरक्षित भूभरणात टाकायची. त्याचे पैसे लागणारच. मोठा कारखाना ते भरू शकतो. एमआयडीसीच्या फेज एकमधल्या लहान शेडमध्ये महिन्याला दोन ड्रम अवशेष निघतात, आणि दोन ड्रमसाठी तळोज्याहून गाडी पाठवणं कुणालाच परवडत नाही. मग ‘तुमचा माल उचलतो’ म्हणणारा एखादा मध्यस्थ भेटतो, रोख पैसे घेतो, पावती देत नाही. लहान कारखानदार पुढचं काही विचारत नाही. ही माणसं सगळी बदमाश नाहीत. त्यांच्यातली बरीचशी पहिल्या पिढीची, कर्ज काढून उभी राहिलेली आहेत. सामाईक प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या संघटनेला आणि विल्हेवाट केंद्राला एकत्र बसवा. ठरलेल्या वारी एमआयडीसीत एक बंद गाडी फिरू दे, प्रत्येक लहान शेडमधून एक-एक दोन-दोन ड्रम मोजून, मॅनिफेस्ट करून उचलू दे, आणि दर वजनावर ठरू दे. दूधवाला दारोदार फिरून रतीब घालतो तितकी ही साधी गोष्ट आहे. ती झाली की प्रामाणिक माणसाला सबब उरणार नाही आणि लबाडाला आडोसा उरणार नाही. आज तर पैसे भरून कचरा नीट पाठवणारा कारखानदार बाजारात मागे पडतो, कारण शेजाऱ्याचा खर्च शून्य आहे. त्या प्रामाणिक माणसाच्या बाजूने मंडळ उभं आहे असं त्याला कधीच वाटलेलं नाही. मी अशा माणसांकडे नोकरी केली आहे, त्यांची चीड मी ऐकली आहे.

‘उपउत्पादन’ या नावाखाली जे चालतं त्याकडेही बघा. वापरलेलं आम्ल दुसऱ्या उद्योगाला कच्चा माल म्हणून देता येतं, त्यासाठी त्याच घातक कचरा नियमांतल्या नियम ९ खाली परवानगीची सोय आहे आणि ती चांगली सोय आहे. पण घेणाऱ्या कारखान्याची क्षमता किती, त्याने खरंच किती वापरलं, हे तपासल्याशिवाय ही वाट मोकळी सोडली तर कागदावर विकलेलं आम्ल रस्त्यात कुठल्याही पुलावर संपू शकतं. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची पुस्तकं जुळवा. टँकर पकडला तर चालकावर गुन्हा दाखल करून थांबू नका. चालकाला आत काय आहे हे बहुतेक वेळा माहीत नसतं. टाकीतल्या उरलेल्या थेंबाचं पृथक्करण करा. त्यातली द्रव्यं कोणत्या प्रक्रियेतून निघतात, हे जाणकार रसायनतज्ज्ञाला कळतं, आणि तशी प्रक्रिया करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात.

शिक्षेबद्दल. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगवासाची तरतूद जाऊन त्या जागी १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. मला ते पटलेलं नाही. ज्याचे वर्षभरात त्याहून जास्त पैसे वाचतात, त्याच्यासाठी १५ लाख हा आणखी एक खर्च आहे, चहापाण्याच्या रांगेतला. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की, प्रदूषण मंडळं झालेल्या हानीची भरपाई स्वतः वसूल करू शकतात आणि होऊ शकणाऱ्या हानीसाठी आधीच बँक हमीही मागू शकतात. फक्त त्याची नीट नियमावली असायला हवी. ‘प्रदूषण करेल तो भरेल’ हे तत्त्व न्यायालयाने १९९६ सालीच बिछरीच्या निकालात लागू केलं होतं. तिथेही एच ॲसिड हे रंगनिर्मितीचं रसायन बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ उघड्यावर पडला होता आणि राजस्थानातल्या एका गावाच्या विहिरी नासल्या होत्या. भरपाई ठरवायची तर किती कचरा बेपत्ता आहे हे आधी माहीत हवं. म्हणजे पुन्हा तोच गाळाचा आकडा. तो हातात नसेल तर न्यायालयात तुमचा वकील कशावर बोलणार?

तुमच्याकडे माणसं कमी आहेत, एका अधिकाऱ्याच्या गळ्यात शेकडो कारखाने आहेत, हे मला ठाऊक आहे. जबाबदारीही वाटली गेली आहे. चेंबर आणि वाहिन्या एमआयडीसीच्या, नाले महापालिकेचे, संमतीपत्र तुमचं, सुरक्षा संचालनालयाची, टँकर परिवहन आणि पोलिसांचा. पावसाळ्यात चेंबर उफाळून रस्त्यावर फेसाळ पाणी येतं तेव्हा नागरिकाने फोन नेमका कुणाला करायचा, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या जोरदार पावसात टाक्या मोकळ्या करण्याची पद्धत जुनी आहे, कारण तेव्हा सगळंच वाहून जातं. म्हणून संयुक्त दक्षता नमुने, म्हणजे कारखान्याला न सांगता अचानक घ्यायचे नमुने, जून-जुलैच्या रात्री आणि रविवारी घ्या, कारखान्याच्या आत शिरण्याआधी बाहेरच्या चेंबरमधून घ्या. आणि अहवाल आले की कारखान्याच्या नावानिशी, आकड्यांनिशी संकेतस्थळावर टाका. ‘मर्यादेत आढळले’ हे दोन शब्द पुरे नाहीत.

आतल्या कामगाराचा विचार करा. रात्री व्हॉल्व्ह उघडायला सांगितला जातो तो कंत्राटी मुलाला. त्याला हातमोजेही दिलेले नसतात. त्याने तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी लागत नाही. त्याचं नाव गुप्त ठेवणारी, आणि मराठी-हिंदीत नुसता आवाज पाठवला तरी चालेल अशी तक्रारीची सोय मंडळाने केली, तर तुमच्या दहा निरीक्षकांइतकं काम ती एक सोय करेल. या शहरात कोण काय ओततो हे जाणणारी माणसं भरपूर आहेत. त्यांना फक्त भीती आहे.

घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं ३० जूनपर्यंत मंडळाकडे येतात. येत्या वर्षी त्यातले डोंबिवलीचे लाल श्रेणीतले, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी गटातले, कारखाने वेगळे काढा. प्रत्येकासाठी एकच पान करा: संमतीपत्रात मंजूर कचरा किती, उत्पादनाच्या प्रमाणात अपेक्षित किती, मॅनिफेस्टवर गेलेला किती, केंद्रात पोहोचलेला किती, पाणी आणि वीज किती. ज्या पानावर फरक मोठा दिसेल त्या कारखान्यात आधी जा. व्यापारी गुपित म्हणून सूत्र झाकायला हरकत नाही. गाळाचं वजन कुणाचंच गुपित नसतं. ऑगस्टअखेर ही पानं नागरिकांना बघायला मिळाली पाहिजेत. जुळवणीला माणसं कमी पडत असतील तर डोंबिवलीत निवृत्त रसायनतज्ज्ञांची वाण नाही. बिनपगारी बसून पानं जुळवायला आम्ही तयार आहोत. कल्याणच्या कार्यालयात एक टेबल आणि ती विवरणपत्रं मिळावीत. कोणत्या तारखेला यायचं ते कळवावं.

आपली,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ
एमआयडीसी निवासी विभाग, डोंबिवली (पूर्व)